विश्लेषण : बिघाड दूर झाला, तरी नेटवर्क लगेच सुरू का होत नाही?

एखादी मोठी ऑनलाइन सेवा बंद पडली, की काही तासांनी ठरावीक संदेश येतो : ‘बिघाड दूर करण्यात आला आहे, सेवा हळूहळू पूर्ववत होत आहे.’ बिघाड दूर झाला असेल, तर सेवा लगेच का सुरू होत नाही? ‘हळूहळू’ ही निव्वळ सारवासारव असते का? बहुतेक वेळा नसते. बंद पडलेली यंत्रणा पुन्हा सुरू करणे हे ती चालू ठेवण्यापेक्षा अवघड काम असते. सगळे संगणक एकाच वेळी परतले, तर परतण्याच्या गर्दीनेच यंत्रणा दुसऱ्यांदा कोलमडते. ज्या नेटवर्कला मध्यवर्ती सर्व्हर नसतो, त्या ‘पी-टू-पी’ रचनेत हा धोका अधिक. स्काइपला तो दोनदा भोवला. सोलाना या क्रिप्टो नेटवर्कला आणि अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेलाही तो चुकला नाही. हा भार कुठून येतो आणि तो कसा उतरवला जातो, याचा हा आढावा.

पी-टू-पी नेटवर्क आणि नोड म्हणजे काय?

नेहमीच्या ऑनलाइन सेवेत एका बाजूला कंपनीचे सर्व्हर असतात आणि दुसऱ्या बाजूला ग्राहकांचे मोबाइल किंवा संगणक. ग्राहक मागतो, सर्व्हर देतो. ‘पीअर-टू-पीअर’ म्हणजेच पी-टू-पी रचनेत अशी विभागणी नसते. सहभागी असलेला प्रत्येक संगणक मागणाराही असतो आणि देणाराही. अशा प्रत्येक संगणकाला नोड म्हणतात. टोरंटवरून फाइल उतरवून घेणारा संगणक त्याच वेळी तिचे तुकडे इतरांना पुरवत असतो. बिटकॉइनचा नोड व्यवहारांची नोंदवही तपासतो, स्वतःकडे ठेवतो आणि नवे व्यवहार पुढे पाठवतो. यूपीआयमध्येही ‘पी-टू-पी’ हा शब्द येतो; पण तिथे त्याचा अर्थ एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पैसे पाठवणे एवढाच आहे. त्याचा या रचनेशी संबंध नाही.

या रचनेचे दोन मोठे फायदे आहेत. एक, कंपनीला प्रचंड खर्च करून सर्व्हर उभारावे लागत नाहीत. वापरकर्त्यांचेच संगणक ते काम करतात. दोन, एखादा नोड बंद पडला तरी बाकीचे नोड काम सांभाळून घेतात. त्यामुळे पी-टू-पी नेटवर्क सहसा बंद पडत नाही, असा समज रूढ झाला. त्यात तथ्य आहे, पण एका अटीवर. नोड थोडे थोडे आणि वेगवेगळ्या वेळी बंद पडायला हवेत. हजारो नोड एकदम गेले आणि एकदम परतले, तर हे गणित उलटते.

नोड पुन्हा सुरू होताना इतका भार कशाचा?

चालू असलेल्या नोडचे काम तसे बेताचे असते. त्याचे शेजारी ठरलेले असतात, माहिती ताजी असते, आणि नवे येईल तेवढेच तपासायचे असते. तोच नोड बंद होऊन परत सुरू झाला, की त्याला सगळी घडी नव्याने बसवावी लागते.

पहिले काम शेजारी शोधण्याचे. बिटकॉइनचा नोड आधी ओळखीच्या पत्त्यांची जपून ठेवलेली यादी उघडतो. ती अपुरी पडली, तर ठरावीक ‘बीज’ सर्व्हरना पत्ते विचारतो. मग जोडण्या करतो. बिटकॉइन कोअर या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये साधारणपणे दहा जोडण्या नोड स्वतःहून करतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मिळून १२५ जोडण्यांची मर्यादा असते. दुसरे काम राहून गेलेली माहिती मिळवण्याचे. बंद असताना जितके ब्लॉक तयार झाले, तितके सगळे उतरवून घ्यावे आणि तपासावे लागतात. अगदी नव्या नोडला तर २००९ पासूनची सगळी नोंदवही वाचावी लागते. तिचा आकार आता ६०० जीबीच्या पुढे गेला आहे. तिसरे काम स्वतःकडे काय आहे, हे इतरांना कळवण्याचे. फाइल वाटणाऱ्या नेटवर्कमध्ये हजारो फाइल असलेला नोड परतला, की प्रत्येक फाइलची वर्दी नेटवर्कला द्यावी लागते.

ही तीन कामे चालू असतानाच चौथे येऊन धडकते. नोड परतल्याचे दिसताच इतर नोड त्याच्याकडे मागणी करू लागतात. म्हणजे स्वतःची घडी बसलेली नसताना दुसऱ्यांची कामे सुरू होतात. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि इंटरनेट जोडणी या चारही गोष्टींवर एकदम ताण येतो. घरगुती राउटर किती जोडण्यांची नोंद ठेवू शकतो यालाही मर्यादा असते; ती ओलांडली, की घरातले सगळ्यांचेच इंटरनेट अडखळते.

सगळे एकदम परतले तर काय होते?

याचे उत्तर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कृषिपंपाला ऑटोस्विच बसवलेला असतो. वीज आली, की पंप आपोआप सुरू होतो. रात्री-अपरात्री शेतावर जावे लागत नाही. एका शेतकऱ्यापुरती ही सोय उत्तम. पण एकाच रोहित्रावरच्या सगळ्या पंपांना ऑटोस्विच असला, तर वीज येताच सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात. मोटार चालू असताना जेवढा विद्युतप्रवाह लागतो, त्याच्या कितीतरी पट प्रवाह ती सुरू होताना खेचते. परिणामी रोहित्रावर अतिभार येतो, ते जळते, आणि आलेली वीज पुन्हा जाते. ‘ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा’ असे आवाहन महावितरण वर्षानुवर्षे करते आहे ते त्यासाठीच.

नेटवर्कमध्ये नेमके हेच घडते, आणि एक गोष्ट त्याहून वाईट घडते. पंप जळालेल्या रोहित्राकडे पुन्हा पुन्हा वीज मागत नाही. संगणकाला मात्र उत्तर मिळाले नाही, की तो पुन्हा विचारतो. दोन सेकंदांत उत्तर आले नाही म्हणून दुसरी विनंती, मग तिसरी. वापरकर्ताही अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडतो. मुळात एक असलेली मागणी पाच-दहा होते. सर्वात आधी परतलेले मोजके नोड या सगळ्याच्या तोंडी सापडतात, दमतात आणि बंद पडतात. उरलेल्यांवरचा भार आणखी वाढतो.

२००७ मध्ये स्काइप का बंद पडले?

स्काइप ऑगस्ट २००३ मध्ये सुरू झाले, तेच पी-टू-पी तत्त्वावर. एस्टोनियातील प्रोग्रामरनी ते घडवले होते. ज्या वापरकर्त्यांचे संगणक दमदार आणि इंटरनेट जोडणी चांगली, त्यांचे संगणक आपोआप ‘सुपरनोड’ होत. कोण ऑनलाइन आहे, कोणाचा पत्ता काय, ही माहिती हे सुपरनोड सांभाळत. बाकीचे संगणक आधी सुपरनोड गाठत आणि मगच एकमेकांना. घरचा संगणक जगभराच्या फोनसेवेची छोटी शाखा झाला आहे, याची बहुतेकांना कल्पनाही नसे.

१६ ऑगस्ट २००७ रोजी हे नेटवर्क कोलमडले आणि सुमारे दोन दिवस कोट्यवधी लोकांना लॉग-इन करता आले नाही. कंपनीने नंतर दिलेले कारण असे : मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे विंडोज अपडेट आले होते. ते बसवून घेण्यासाठी जगभरातले संगणक थोड्या अवधीत रीस्टार्ट झाले. एकीकडे लॉग-इनच्या विनंत्यांचा लोंढा आला आणि दुसरीकडे त्या सांभाळणारे नोडच कमी झाले, कारण रीस्टार्ट होणाऱ्यांत तेही होते.

विंडोज अपडेट दर महिन्याला येतात. मग त्याच महिन्यात असे का झाले? स्काइपनेच स्पष्ट केले, की दोष मायक्रोसॉफ्टचा नव्हता. नेटवर्क स्वतःला सावरू शकेल अशी सोय त्यात होती. पण साधने वाटून देणाऱ्या प्रणालीत आजवर लक्षात न आलेली एक चूक होती. त्यामुळे ही सावरण्याची क्रिया वेळेवर झाली नाही. म्हणजे रीस्टार्ट हे निमित्त होते. परतणाऱ्या गर्दीला रांगेत लावण्याची व्यवस्था कमी पडली, हे कारण होते.

२०१० चा बिघाड वेगळा कसा होता?

तीन वर्षांनी, २२ डिसेंबर २०१० रोजी, ऐन नाताळच्या तोंडावर स्काइप पुन्हा सुमारे २४ तास बंद पडले. या वेळी कंपनीने सविस्तर आकडे दिले. त्यामुळे हे प्रकरण आजही या विषयाचा धडा म्हणून वाचले जाते.

सुरुवात किरकोळ होती. ऑफलाइन संदेश पोहोचवणारे काही सर्व्हर अतिभारामुळे मंदावले. त्यांची उशिरा आलेली उत्तरे विंडोजवरील स्काइपच्या एका विशिष्ट आवृत्तीला नीट हाताळता आली नाहीत आणि ते सॉफ्टवेअर कोसळले. त्या वेळी जगातले सुमारे निम्मे वापरकर्ते हीच आवृत्ती वापरत होते. त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्क्यांचे स्काइप बंद पडले. त्यांतच सुपरनोडही होते. उपलब्ध सुपरनोडपैकी २५ ते ३० टक्के एका झटक्यात गेले.

पुढचा प्रकार नेहमीचा. स्काइप बंद पडलेले दिसताच लोकांनी ते पुन्हा उघडले. सुपरनोड म्हणून उभे राहायला संगणकाला काही वेळ लागतो. लॉग-इनची मागणी मात्र तत्काळ येते. उरलेल्या सुपरनोडवर त्या वेळच्या नेहमीच्या प्रमाणापेक्षा सुमारे १०० पट भार आला. सुपरनोड हे मुळात कोणाचे तरी घरचे संगणक. त्यांच्यावर फार ताण येऊ नये म्हणून मर्यादा ओलांडली, की सुपरनोडचे काम आपोआप थांबवण्याची सोय स्काइपने ठेवली होती. मालकाच्या संगणकाची काळजी घेणारी ही सोय त्या दिवशी नेटवर्कवर उलटली. एकेक सुपरनोड स्वतःला वाचवण्यासाठी बाजूला होत गेला आणि उरलेल्यांचे ओझे वाढत गेले.

उपाय म्हणून अभियंत्यांनी स्वतःचे शेकडो सुपरनोड नेटवर्कमध्ये उतरवले. तेही पुरेनात, तेव्हा समूह व्हिडीओ कॉलसाठी राखून ठेवलेली यंत्रसामग्री काढून घेऊन रातोरात आणखी काही हजार उभे केले. व्हिडीओ कॉलची सोय मागे पडली, पण साधे कॉल आणि संदेश सुरू झाले. गर्दी ओसरल्यावर, वापरकर्त्यांचे संगणक पुन्हा सुपरनोड झाल्यावर, ही उसनी कुमक काढून घेतली गेली.

मूळ दोष गेल्यावरही भार का टिकून राहतो?

सामान्य अनुभव असा, की कारण दूर झाले की परिणामही जातो. नेटवर्कमध्ये तसे होईलच असे नाही. यंत्रणा अशा अवस्थेत अडकू शकते, की ती सतत कामात असते आणि तरीही हाती काही लागत नाही. संगणकशास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एका शोधनिबंधातून या प्रकाराला ‘मेटास्टेबल फेल्युअर’ असे नाव दिले. ठिणगी विझते, पण आग स्वतःच्या धगीवर जळत राहते.

याचे ताजे उदाहरण २० ऑक्टोबर २०२५ चे. ऐन दिवाळीत, भारतीय वेळेनुसार दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेत अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया केंद्रात बिघाड झाला. डायनॅमो-डीबी या डेटाबेसचा पत्ता सांगणारी नोंदच नाहीशी झाली आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या असंख्य सेवा ठप्प झाल्या. ही नोंद सुमारे अडीच तासांत पूर्ववत झाली. पण आभासी सर्व्हर पुरवणारी सेवा मात्र सावरेना. कोणता प्रत्यक्ष सर्व्हर कोणाच्या ताब्यात आहे, याची नोंद ठेवणारी एक यंत्रणा तिच्यात असते. ही ताबा-नोंद ठरावीक वेळाने नव्याने करावी लागते. डेटाबेस बंद असताना असंख्य नोंदींची मुदत उलटली होती. तो परत येताच त्या सगळ्या एकदम करण्याची धडपड सुरू झाली. काम इतके साचले, की एक नोंद पूर्ण होईपर्यंत तिचीही मुदत संपे आणि ती पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राही. यंत्रे राबत होती, रांग तसूभरही कमी होत नव्हती. शेवटी अभियंत्यांनी येणारे काम रोखले आणि त्या यंत्रणेतले निवडक संगणक रीस्टार्ट करून साचलेल्या रांगा रिकाम्या केल्या. तेव्हा गाडे हलले. सेवा पूर्ण सुरळीत व्हायला आणखी काही तास गेले.

ही अडचण नवी नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथून जेमतेम ४०० यार्डांवर असलेले बर्कली विद्यापीठ यांच्यातील इंटरनेटचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर घसरला होता. तारा शाबूत होत्या. पोहोचली नाहीत असे समजून तीच ती पाकिटे पुन्हा पाठवली जात असल्याने वाट तुंबली होती. व्हॅन जेकब्सन यांनी त्यावर जो उपाय सुचवला, त्याचे नावच ‘स्लो स्टार्ट’ : आधी थोडे पाठवा, पोहोचल्याची पावती आली तरच वाढवा. आज प्रत्येक मोबाइलमधील इंटरनेट जोडणी याच वारशावर चालते.

अभियंते हा भार कसा उतरवतात?

पहिली पायरी निदानाची. मूळ दोष अजून आहे की आता फक्त गर्दी उरली आहे, हे आधी ठरवावे लागते. नोडच्या नोंदी त्याच त्या विनंत्यांनी भरलेल्या असतील, प्रोसेसर पूर्ण क्षमतेने चालत असेल आणि तरीही पूर्ण झालेली कामे नगण्य असतील, तर दोष गर्दीचा असतो. अशा वेळी पुन्हा रीस्टार्ट करणे म्हणजे रांगेत आणखी माणसे उभी करणे.

दुसरी पायरी दार अर्धे लोटून घेण्याची. येणाऱ्या विनंत्यांपैकी ठरावीक वाटाच आत घ्यायचा, बाकीच्यांना लगेच ‘नंतर या’ सांगायचे. नकार कटू वाटतो. पण तासभर ताटकळत ठेवून मग नाकारण्यापेक्षा तो बरा. ऑक्टोबर २०२१ मध्ये ७३ तास बंद राहिलेल्या रोब्लॉक्स या खेळाच्या मंचाने खेळाडूंना असेच थोड्या थोड्या टक्क्यांनी आत घेतले होते.

तिसरी पायरी तुकड्यातुकड्यांनी सुरू करण्याची. २५ नोव्हेंबर २०२० रोजी अ‍ॅमेझॉनची कायनेसिस ही सेवा बंद पडली, तेव्हा याचा कस लागला. तिच्या दर्शनी फळीतील हजारो सर्व्हरपैकी प्रत्येक जण इतर प्रत्येकाशी जोडलेला होता. म्हणजे कंपनीच्या आवारात असलेली ती पी-टू-पी रचनाच. क्षमता वाढवण्यासाठी थोडे नवे सर्व्हर जोडले, तशी प्रत्येकावरील जोडण्यांची संख्या वाढली आणि संगणकाच्या अंतर्गत मर्यादेपलीकडे गेली. दोष सापडला, उपायही ठरला : सर्व सर्व्हर रीस्टार्ट करणे. पण ते तासाला काहीशेच करता येत होते. नव्याने सुरू झालेला सर्व्हर आपली माहिती गोळा करत असतानाच त्याच्यावर ग्राहकांचे काम पडले, तर तो मंदावतो, यंत्रणा त्याला आजारी समजून बाजूला काढते आणि केलेले श्रम वाया जातात. त्यामुळे पहाटे सुरू झालेला हा बिघाड पूर्ण दूर व्हायला त्याच दिवशीची रात्र उजाडली. पुढच्या काळासाठी कंपनीने निवडलेला मार्गही बोलका आहे : संख्येने कमी, पण अधिक ताकदीचे सर्व्हर.

चौथा उपाय आधीच करून ठेवायचा असतो. उत्तर मिळाले नाही, तर नोडने लगेच पुन्हा न विचारता एक सेकंद थांबावे, मग दोन, मग चार, मग आठ. त्यातही प्रत्येक नोडच्या थांबण्यात थोडा कमी-अधिक फरक असावा. नाही तर सगळे एकत्र थांबतील आणि एकत्रच परततील. शेजारच्या पंपाचा ऑटोस्विच एक मिनिटाने आणि आपला तीन मिनिटांनी लावण्यासारखेच हे आहे.

स्वतःचा नोड चालवणाऱ्यांनी काय करावे?

बिटकॉइन किंवा अन्य नेटवर्कचा नोड घरी वा कार्यालयात चालवणारे अनेक हौशी आणि व्यावसायिक भारतातही आहेत. रीस्टार्टनंतर नोड अडकल्यासारखा दिसला, तर पहिला नियम म्हणजे घाईने पुन्हा बंद न करणे. नोंदी पाहाव्यात, ब्लॉकचा क्रमांक पुढे सरकत असेल, तर नोड अडकलेला नाही, मागचे काम भरून काढत आहे. नोड बंद करताना आज्ञा देऊन रीतसर बंद करावा. थेट वीज काढली, तर मेमरीतील माहिती डिस्कवर उतरत नाही आणि पुढच्या वेळी तेच काम पुन्हा करावे लागते.

भार खरोखर पेलत नसेल, तर बाहेरून येणाऱ्या जोडण्यांची मर्यादा तात्पुरती कमी करावी. नोडची घडी बसली, की ती वाढवता येते. इतरांना माहिती पुरवण्याच्या दैनंदिन प्रमाणालाही मर्यादा घालता येते. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर बहुतेकदा खोळंबा तिथेच असतो. एसएसडीने मोठा फरक पडतो. ओळखीच्या नोडची यादी ठेवणारी फाइल विनाकारण पुसू नये. एकापेक्षा अधिक नोड असतील, तर ते एकाच वेळी अपडेट करू नयेत. एक पूर्ण सावरल्यावर दुसरा हाती घ्यावा.

सगळेच नोड थांबले तर आदेश कोण देतो?

कंपनीच्या सर्व्हरना अभियंता रांगेत लावू शकतो. पी-टू-पी नेटवर्कमध्ये मालक वेगवेगळे असतात. १४ सप्टेंबर २०२१ रोजी सोलाना नेटवर्कवर एका नव्या टोकनच्या विक्रीसाठी बॉटनी व्यवहारांचा मारा केला; तो सेकंदाला चार लाखांपर्यंत गेला. मेमरी संपून नोड बंद पडू लागले आणि उरलेल्यांत कोणती नोंद खरी यावर एकमत होईना. ते सावरता न आल्याने अखेर जगभर विखुरलेल्या व्हॅलिडेटरनी, म्हणजे व्यवहारांवर शिक्कामोर्तब करणाऱ्या नोडचालकांनी, आपसात बोलून कुठल्या नोंदीपासून पुन्हा सुरुवात करायची ते ठरवले. नेटवर्कमधील ८० टक्के हिस्सा ऑनलाइन येईपर्यंत थांबावे लागले. सुमारे १७ तास व्यवहार बंद होते. त्या काळात कोणालाही आपले टोकन विकता वा हलवता आले नाही. ‘कोणाचीच मालकी नाही’ या वैशिष्ट्याची किंमत अशा वेळी कळते : सुरू करण्याचा निर्णयही सर्वांनी मिळूनच घ्यावा लागतो.

भारतातील मोबाइलधारकांशी याचा काय संबंध?

यूपीआय ही पी-टू-पी रचना नाही. ‘एनपीसीआय’च्या मध्यवर्ती यंत्रणेवर ती चालते. पण गर्दीचा नियम तिलाही लागू आहे. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय व्यवहार अनेक तास खोळंबले. काही बँकांकडून ‘व्यवहाराचे काय झाले’ असे विचारणाऱ्या विनंत्यांचा भडिमार झाला, त्यांत जुन्या व्यवहारांची विचारणाही होती, असे कारण पुढे आले. त्यानंतर अशी विचारणा किती वेळाने आणि किती वेळा करायची यावर बंधने आली. १ ऑगस्ट २०२५ पासून ग्राहकाला एका अ‍ॅपवरून दिवसात ५० वेळाच शिल्लक तपासता येते, तीही याच धोरणाचा भाग. ही मर्यादा जाहीर झाली, तेव्हा ती जाचक वाटली होती. पण दुकानात उभे राहून सारखी शिल्लक तपासणारा ग्राहक आणि सुपरनोडवर आदळणारे स्काइप यांत यंत्रणेच्या दृष्टीने फरक नसतो. पैसे अडकले असताना पुन्हा पुन्हा बटण दाबल्याने आपले काम लवकर होत नाही, सगळ्यांचेच लांबते.

मग पी-टू-पी रचना सोडून देणे हा मार्ग आहे का?

स्काइपने तोच पत्करला. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ८.५ अब्ज डॉलरना स्काइप विकत घेतले. घरोघरच्या सुपरनोडऐवजी कंपनीच्या ताब्यातील सुमारे दहा हजार यंत्रे बसवल्याचे २०१२ मध्ये समोर आले. पुढे स्काइप टप्प्याटप्प्याने क्लाउडवर गेले आणि ५ मे २०२५ रोजी कायमचे बंद झाले. भरवसा वाढला, पण कॉल जोडण्याची यंत्रणा आता पूर्णपणे एका कंपनीच्या हाती गेली.

अ‍ॅमेझॉनची दोन्ही प्रकरणे मात्र हेही दाखवतात, की मध्यवर्ती रचनेने प्रश्न सुटत नाही, फक्त त्याची जागा बदलते. मोठ्या कंपनीच्या आतही हजारो संगणक एकमेकांवर अवलंबून असतात आणि तेही एकदम परतले, तर एकमेकांनाच खाली ओढतात. उलट बिटकॉइनसारखी पी-टू-पी नेटवर्क वर्षानुवर्षे चालतात, कारण त्यांचे नोड एकाच आवृत्तीवर, एकाच वेळी आणि एकाच कारणाने सहसा बंद पडत नाहीत. त्यामुळे मालकी कोणाची यापेक्षा परतण्याची शिस्त आहे की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. यंत्रणा किती वेगाने चालते याच्या जाहिराती होतात; पडल्यावर ती कशी उठते याची चाचणी मात्र क्वचितच घेतली जाते. पैसे, तिकिटे आणि दवाखान्यातील नोंदी अशा यंत्रणांवर सोपवल्या जात असताना ही चाचणी सक्तीची व्हायला हवी. आणि ‘हळूहळू पूर्ववत होत आहे’ असा संदेश पुढच्या वेळी आला, तर निदान त्यातील ‘हळूहळू’वर रागवायचे कारण नाही, दुरुस्तीचा तो बहुधा सर्वात महत्त्वाचा भाग असतो.